एका फरशीची जागा

आमच्या दौंडच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घरात छत्री उघडून जेवत बसले होते. बाहेर रखरखीत ऊन. छत्रीची दांडी खुर्चीच्या पाठीला सुतळीनं बांधलेली, खाली स्टुलावर ताट, ताटात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण. वरच्या मजल्यावर आधीच्या भाडेकरूचं सामान हलवणं चाललं होतं आणि तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या, फटींतून बारीक माती छत्रीवर झरझर पडत होती.

"जागा बघाया आलात? बसा," ते म्हणाले. "छत्रीभाईर बसा. आत एकाचीच सोय हाय."

मी छत्रीबाहेर बसलो आणि डोक्यात माती घेऊन खोली ठरवून आलो.

मी तेव्हा कालव्यावर इन्स्पेक्टर होतो. इन्स्पेक्टर म्हणजे सायकलवरून हिंडायचं आणि कुणाच्या रानात रात्रीतून चोरून पाणी गेलं ते दिवसा बघायचं. माझं गाव मांडवगण फराटा, लग्नाला जेमतेम काही महिने झालेले. घरमालक रेल्वेतले निवृत्त गार्ड. मंडळी वारलेली, एकुलती मुलगी लांब विदर्भात दिलेली. सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागलो. माझी बायको मात्र आठवड्याच्या आत 'आबा' म्हणायला लागली. तिला तसली सवय होती. मला माणसाला पदवीनं हाक मारली की जरा अंतर राहतं ते बरं वाटायचं.

गार्डाचा जन्म गाडीच्या शेपटाला जातो. पुढं इंजीन कुठं चाललंय ते त्याला दिसत नाही; दिसतं ते मागं सरकत जाणारं. गार्डसाहेबांना त्याची इतकी सवय झाली होती की पुढून येणारी गोष्ट त्यांना बघवतच नसे. एसटीत ते मागच्या बाकावर उलटे वळून बसत. टांग्यात तर मागच्या बाजूला तोंड करूनच बसायचं असतं, म्हणून टांगा हे त्यांच्या मते माणसानं काढलेलं सगळ्यांत शहाणं वाहन. आमची गल्ली स्टेशनाकडं जाणारी. सकाळी सारी वर्दळ स्टेशनाच्या दिशेनं, तेव्हा ते ओट्यावर खुर्ची स्टेशनाकडं तोंड करून मांडत. संध्याकाळी माणसं परतायला लागली की खुर्ची उचलून फिरवत. म्हणजे दिवसभर त्यांना लोकांच्या पाठीच दिसत.

"तोंड काय, कुनालाबी हासरं करता येतं," ते म्हणत. "पाठीला नाटक जमत न्हाई."

आणि खरंच, पाठीवरून ते काय काय सांगत! "ड्रॉइंगचं मास्तर बघा. आज डबा न घेता निघालंय. भांडान हाय." "त्या पोराचा नंबर लागला कुठंतरी. खांदं बघा की." एकदा मी ऑफिसातून वरिष्ठांच्या शिव्या खाऊन आलो, जिना चढलो, आणि खालून आवाज आला, "इन्स्पेक्टर, इतकं मनावर घिऊ नका!" मी थबकलोच. तेव्हापासून जिना चढताना मी पाठ ताठ ठेवायला लागलो. त्यावर त्यांचं म्हणणं, "आता तर लईच दिसतंय."

आयुष्यभर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकून त्यांचे कान गेले होते. तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर कळायचं, नाहीतर ओठांवरून अंदाज. पण लाकडातून आलेली थाप मात्र बरोबर समजायची. आतल्या खोलीत छताला आधार देणारा एक सागवानी खांब होता. खुर्ची त्याला लावून, अनवाणी तळवा खांबाला टेकवून ते बसत. "मी पायानं ऐकतो," म्हणत. आम्ही वर काय करतो ते त्या पायाला सगळं ठाऊक असायचं. मला ते अवघड वाटायचं. नवं लग्न, आणि खाली पाय लावून बसलेला म्हातारा.

त्यातूनच थापांची भाषा सुरू झाली. हिरव्या झेंडीच्या काठीनं ते खालून तक्तपोशीवर ठोकत. एक थाप: नळाला पाणी आलं. दोन: चहा टाकलाय, या. तीन: हातातलं टाकून पळत या. आणि चार म्हणजे 'मागचं रद्द, माझी चूक'. ही चौथी फार वेळा वाजायची, कारण चहाला बोलवायचे आणि मग दूध नासलेलं निघायचं. बायको वरून वरवंट्यानं उत्तर द्यायची. कधी कधी दुपारभर दोघांचं खाल-वर चालायचं, आणि मी घरी आलो की ती सांगायची, "आबांनी आज चारदा रद्द केलं," आणि हसत सुटायची. तिला आई नव्हती, वडील आपल्यातच असत. दौंडला ती हसायला शिकली असं मला वाटतं.

बरं, फरशीचं. आम्ही राहायला आल्यावर वर्षभरात छत्रीनं मान टाकली. नवी छत्री घेण्याऐवजी गार्डसाहेबांनी ठरवलं, वर फरशी घालायची. लाकडावर फरशी! गल्लीत ही करमणूक महिनाभर पुरली. लाकडी माडी खाली उतरवून स्लॅब टाकायचा तर घर मोकळं करावं लागणार. "सूनबाईला कुठं धाडू?" ते माझ्या बायकोबद्दल म्हणाले. म्हणून लाकूड राहणार आणि त्याच्यावर फरशी बसणार.

मिस्त्री तळेगाव ढमढेऱ्याहून एसटीनं आला. पिशवीत थापी, ओळंबा आणि पानाचा डबा. गार्डसाहेबांना "जयभीम" घातला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, वर जाऊन फळ्यांवर दोनदा टाच आपटली आणि खाली येऊन पान लावायला बसला.

"न्हाई हुयाचं," तो म्हणाला.

"का?"

"लाकूड हालतं, सायेब. पावसाळ्यात फुगतं, उनात आक्रसतं. फरशीला हाललेलं खपत न्हाई. दोघांचा संसार व्हायचा न्हाई."

"माझा आक्खा डबा हालत व्हता तीस वर्सं," गार्डसाहेब म्हणाले. "त्यात मी भरलेला कप घिऊन उभा ऱ्हायलोय. मधी गादी पायजे. गादी घाला."

"फरशीला गादी?"

"मंग काय वं! नवरा-बायकोत कुनीतरी मधी पडावंच लागतं."

मिस्त्रीनं पान थुंकलं आणि कामाला होकार दिला. पण आधी माडी किती हलते ते बघायचं होतं. गार्डसाहेबांनी तालमीतली पोरं बोलावली. वर आमचं सामान भिंतीला लावून सहा-सात पहिलवान उभे केले. खाली गार्डसाहेब स्टुलावर काठोकाठ चहाचा कप ठेवून बसले, डोक्यावर मोडकी छत्री. झेंडीनं एक थाप दिली की पोरांनी उड्या मारायच्या. पोरांनी मारल्या. घर हललं, माझ्या बायकोचे डबे मांडणीवरून उतरले, आणि खाली चहानं बशी भरली.

"फेल!" खालून आवाज आला.

मग रेल्वेच्या लिलावातून रुळांखालचे काढून टाकलेले लाकडी स्लीपर आणून फळ्यांखाली आडवे आधार दिले, जुन्या फळ्या नव्यानं स्क्रूनं आवळल्या. पुन्हा पहिलवान, पुन्हा कप. या वेळी चहा थरथरला, सांडला नाही. गार्डसाहेबांनी तो कप तसाच उचलून वर आणला, पोरांदेखत प्यायला आणि "पास" म्हणाले.

पुढचं काम मिस्त्रीनं मन लावून केलं. फळ्यांवर डांबरी कागद, त्यावर कोंबडजाळी, तिच्यात चुना आणि विटांच्या चुऱ्याचा पातळ थर. हीच ती गादी. वर करड्या ठिपक्यांच्या मोझेक फरश्या, आणि भिंतीकडेनं बोटभर जागा मोकळी, लाकडाला श्वास घ्यायला. आम्ही तोवर ओट्यावर पडदा बांधून झोपायचो. फरशी बसत बसत चुलीपाशी आली तेव्हा गार्डसाहेब जिन्यावरून म्हणाले, "ही एक सोडा."

"कंची?"

"ह्यी. माज्या खुर्चीच्या डोक्यावरली. हितं फळी उघडी ठेवा. सिग्नल हाय त्यो."

मिस्त्री कळवळला. "आवो, तोंडातला फुडला दात पाडल्यावानी दिसंल!"

"दिसू द्या. बोलता यील ना?"

तर अशी ती जागा राहिली. एका फरशीएवढा चौकोन, आत उघडी फळी. आम्ही त्यावर पाट उपडा घालायचो. बाकी साऱ्या घरातले आवाज त्या गादीनं गिळले. आमच्या पावलांचे, बोलण्याचे, भांडणांचे. मला हायसं झालं. त्या एका चौकोनातून थापा येत-जात राहिल्या.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी बोलका नाही, आणि ह्या बाबतीत तर गप्प बसण्यातच सोय होती.

दौंडला राहायला आल्यावर मी मांडवगणला गेलो तेव्हा आईनं विचारलं होतं, "घरमालक कोन हाय रं?"

"रेल्वेतले साहेब आहेत."

"त्ये कळलं. पन हायेत कोन?"

"गार्ड."

"आरं, त्ये बी कळलं!"

मी विषय उसाच्या लागणीवर नेला. आईनं पुन्हा विचारलं नाही. बायको गरोदर राहिली. माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपणाला आई दौंडला येणार असं ठरलं. आणि मला घाम फुटला. गार्डसाहेब बौद्ध होते, हे त्यांच्या भिंतीवर लिहिल्यासारखं होतं. आम्ही त्यांच्याकडं रोज चहा पीत होतो. आई आपल्या चुलीपाशी बसलेली असणार, आणि तिच्या पायाखालून दोन थापा येणार: चहा टाकलाय, या. मग बायको उठणार, मी उठणार. आई विचारणार, कुठं निघालात?

हे प्रसंग मी इतक्या वेळा मनात रंगवले की शेवटी त्यावर एकच इलाज मला दिसला. गार्डसाहेब भाचीच्या लग्नाला शिरूरला गेले. त्याच दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं.

"ती जागा भरून टाका."

"सायेबांला इचारलंय?"

"त्यांनीच सांगितलंय."

मिस्त्रीनं पानाचा डबा मिटला. मग चुना कालवण्याऐवजी बादलीत नुसती कोरडी वाळू घेऊन आला. भोकात वाळू भरली, वर फरशी टेकवली, कडेनं सिमेंटचं बोट फिरवलं.

"चुना?"

"ऱ्हाऊ द्या. सायेबांचा सोभाव मला ठाव हाय. उंद्या उपटाया लावत्याल. मालाची नासाडी कशाला?"

बायको दाराशी उभी होती. मिस्त्री गेल्यावर एवढंच म्हणाली, "आबांना काय सांगणार?"

"बघू."

"मला नका मधी घेऊ."

गार्डसाहेब परत आले, वर आले, चौकोनाच्या जागी फरशी पाहिली. मी त्यांच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्री आला होता. म्हणाला, एक जागा उघडी राहिली की आजूबाजूच्या फरश्या सुटतात. त्यानंच भरली."

"आसं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. खालच्या ओट्याचं काम त्याच मिस्त्रीला द्यायचं ठरलं होतं. ते त्यांनी थांबवलं. माझ्या एका वाक्यानं एका कारागिराचं काम गेलं आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

आई आली. घर शांत होतं. खालून काही येत नव्हतं, वरून काही जात नव्हतं. गार्डसाहेब ओट्यावर दिसले तर मी मान हलवायचो, ते हलवायचे. बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. आईनं एकदा म्हटलं, "खालचं म्हातारं लई शिस्तीचं हाय रं," आणि मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

त्या दिवशी बाजार होता. आई भाजीला गेलेली. मी खुटबावला, एका शेतकऱ्यानं पाटाला पाडलेल्या भगदाडाचा पंचनामा करत. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

पुढचं मला तिनं सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी, एकेक वाक्य करत. जिना उभा, उतरणं शक्य नव्हतं. तिनं हाका मारल्या, पण खाली बहिरा माणूस. तिनं वरवंटा घेऊन त्या फरशीवर तीन थापा दिल्या. वाळूनं त्या पिऊन टाकल्या. पुन्हा दिल्या. मग तिनं वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि फरशीवर घातला. फरशी चिरली. आणखी घातला. तुकडे हातानं ओढून काढले, उलथन्यानं वाळू उपसली, आणि उघड्या फळीवर ठोकलं. तीन. थांबून पुन्हा तीन.

खाली तळवा खांबाला होता. इतके दिवस थापा बंद होत्या तरी त्यांनी पाय काढला नव्हता.

मी संध्याकाळी सायकल टेकवून वर आलो तर दार उघडं, घरात कुणी नाही. चुलीपाशी वाळूचा ढीग, करड्या फरशीचे तुकडे, वरवंटा, आणि मध्ये तो चौकोन. मला काय झालं ते विचारायला कुणाकडं जावं लागलं नाही. मी तिथंच उभा राहिलो. मग शेजारच्या बाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "आवो इन्स्पेक्टर, उभं काय ऱ्हायलात! सरकारी दवाखान्यात नेलीया तिला. गार्डसाह्यबांनी टांगा आडिवला. चालला व्हता कुनाचा तरी, त्या मानसाला खाली उतरिवला की वो! तुमची आय बाजारातनं आलीच तवर. दोघीस्नी मागं बसिवलं आन् गार्डसाह्यब फुडं!"

पुढं. टांगेवाल्याशेजारी. माझ्या माहितीत ते पुढं तोंड करून बसलेले तेवढेच.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या. बाहेरच्या बाकावर आई बसली होती आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, गार्डसाहेब. आईच्या हातात त्यांचा रेल्वेतला इनॅमलचा मग होता, टवका उडालेला, वाफाळणारा. माझी नजर मगावर गेली.

"काय बगतुयास?" आई म्हणाली. "कप घरी ऱ्हायला माजा."

गार्डसाहेब उठून आणखी चहा आणायला गेले. मी आईजवळ बसलो.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय?"

"ते... कोण आहेत ते."

"पयल्याच दिशी. दार उगडं व्हतं, भिंतीव तसबीर व्हती. मला डोळं हायेत."

"मग बोलली नाहीस?"

"तू सायेब सायेब करत व्हतास. म्हनलं, लेकाला कसली तरी लाज वाटतीया, कशाला उगडं पाडा?" तिनं एक घोट घेतला. "तू रानात गेलास की दुपारच्याला मी खाली जायाची च्याला. वट्यावर, घरात न्हाई. कप माजा न्यायाची."

"आई!"

"आरं, मी तशीच वाडलीया. काय करू? त्यास्नी बी कळलंच की. पयल्या दिशी कपाकडं बगितलं आन् मला म्हनालं," आणि इथं आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, "म्हनालं, वैनी, कप तुमचा हाय, पर पानी माज्या नळाचं, दूध माज्या भांड्यातलं. आता इटाळ कंच्या ठेसनाव उतरतोय त्ये तुमीच बगा. मी गार्ड हाय, मला समदा माल पोचवावा लागतो!"

"मग?"

"मंग काय? पेले की. च्या चांगला करत्यात."

म्हणजे ज्या आईपासून मी थापा लपवल्या, ती रोज खाली चहा पीत होती. ती निदान कप घेऊन उघड जात होती. तिच्या नावावर मी जी लाज खपवली ती सगळी माझीच होती, आणि ती लाज वाळू भरून मी माझ्या बायकोच्या पायाखाली बसवली होती.

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब वर आले. गुडघ्यावर बसून त्यांनी चौकोनात हात घातला, मूठभर वाळू काढली, बोटांतून खाली सोडली.

"वाळू," ते म्हणाले. "मिस्त्रीनं सोताच्या मनानं बसिवली आसती तर चुन्यात बसिवली आसती."

दवाखान्यात डबा न्यायचा होता, तो उचलला आणि जिन्याकडं वळलो. पायऱ्या उतरताना आठवलं की ते वर आहेत, मी खाली चाललोय, आणि माझी पाठ त्यांच्याकडं आहे. ती ताठ ठेवायचंही सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात ओट्याच्या कामाला तळेगावचाच मिस्त्री आला. दोघांचं आपसात काय बोलणं झालं मला माहीत नाही. मिस्त्रीनं मला पाहून पान लावायला घेतलं. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तळेगावच्या बाजारात एकदा लांबून दिसला होता. मी जीपमध्ये चढलो.

चौकोन पुन्हा भरला नाही. फुटक्या कडा घासून मिस्त्रीनं त्याला लाकडी चौकट करून दिली, आणि आमची मुलगी त्याच्याभोवती रांगायला शिकली. तिला पहिली कळलेली भाषा थापांची. खालून दोन वाजल्या की ती जिन्याच्या दिशेनं सुटायची. आई मांडवगणहून येई तेव्हा कप आणायची विसरू लागली. विसरणं खरं की खोटं ते मी विचारलं नाही. घरात मात्र ती शेवटपर्यंत बसली नाही, ओट्यावरच बसली. नव्या ओट्यावर, मिस्त्रीनं घातलेल्या फरशीवर. गार्डसाहेब तिच्याकडं पाठ करून बसत आणि दोघं गल्लीला नावं ठेवत.

माझी बदली शिरूरकडं झाली, घोड नदीच्या कालव्यावर. सामान लॉरीत चढलं. बायको आणि आई ड्रायव्हरशेजारी बसल्या. गार्डसाहेब सकाळी नेहमीसारखे ओट्यावर होते, खुर्ची स्टेशनाकडं. मी निरोप घ्यायला पुढं झालो तर त्यांनी खुर्ची उचलली आणि फिरवून माझ्या समोर मांडली. बसले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुमची पाठ मी बगितलीया, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "तिनं काय सांगायचं त्ये सांगितलं. आज तोंड बगू द्या."

मला बोलायचं होतं. ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. पण मुलगी कडेवर, गल्ली गोळा झालेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी नुसता वाकून पाया पडलो आणि लॉरीत मागं, सामानावर, मुलीला घेऊन बसलो. त्यांच्याकडं तोंड करून. पाठ दाखवायची हिंमत नव्हती.

गार्डसाहेब उठून लॉरीपर्यंत आले. मागचा लाकडी फाळका नीट लागलाय का ते हात लावून बघितलं. सवयच ती, गाडी सुटायच्या आधी शेवटचा डबा बघायची. हात तसाच फाळक्यावर राहिला.

मी बोटांच्या पेरांनी फाळक्यावर ठोकलं. चार.

त्यांचा तळवा लाकडावर होता. त्यांनी मान वर केली नाही. मुलीला वाटलं हा खेळच आहे, तिनंही आपल्या मुठीनं दणादण वाजवलं, किती ते तिलाही माहीत नसावं. गार्डसाहेब हसले. मग त्यांनी फाळक्यावरचा हात काढला, काखेतली गुंडाळलेली झेंडी उलगडली, दोन पावलं मागं सरले आणि ड्रायव्हरला दिसेल अशी हिरवी धरली.

लॉरी हलली. गल्ली मागं सरकायला लागली. नवा ओटा, उलटी मांडलेली खुर्ची, तिच्यापुढं उभे गार्डसाहेब, लहान लहान होत. आयुष्यभर त्यांना काय दिसत आलं असेल ते मला त्या वेळी दिसलं. वळणापर्यंत मी बघत होतो. झेंडी खाली आली नव्हती.